हिला उभं राहायचंय, म्हणून ओटा!

दगडातलं मला कळतं, हा माझा समज साधारण महिनाभर टिकला.

ही गोष्ट साठ सालाच्या आसपासची. आमचं घर पौडच्या पुढे, माले गावात. वडिलांच्या हातचं, कौलारू, भिंती हातभर जाड आणि स्वयंपाकघरात जमिनीवर चूल. मी पुण्यात एका कचेरीत कारकून, शनिवारी एस. टी.नं घरी यायचं, सोमवारी सकाळी परत. अशात आमच्या हिच्या कमरेनं असहकार पुकारला. डॉक्टरांनी बजावलं, "बसून स्वयंपाक बंद! आता चुलीपुढे वाकलात तर कायमच्या वाकाल."

ही विश्रांतीला माहेरी, मुठ्याला निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "उभ्यानं स्वयंपाक करायची सोय झाली की निरोप धाडा. तोवर मी काही यायची नाही."

आवाज गोड होता, पण तोवरचा स्वयंपाक आई करणार होती. आणि आई पिठल्यात मीठ दोनदा तरी घालायची! (आई आता नाही, म्हणून लिहायचं धाडस करतोय.)

आमच्या साहेबांच्या पुण्यातल्या घरी मी ओटा पाहिला होता. साहेबांच्या बाई त्यापुढे ताठ उभ्या राहून पोळ्या लाटायच्या, जणू पोस्टाच्या खिडकीत तिकिटं विकतायत! ठरलं. आपल्याकडेही ओटा. प्रश्न फक्त वर दगड कोणता घालायचा याचा.

दगडवाल्याकडून मी तीन तुकडे मागून आणले: शहाबादी, संगमरवर आणि काळा कडप्पा. रविवारी सकाळी ते अंगणात मांडले आणि शेजारी हळद, गोडं तेल, लिंबू, तापलेला तवा आणि वरवंटा.

"काय चाललंय रं?" आईनं विचारलं.

"परीक्षा घेतोय."

"दगडाची?"

"हो."

"आन् तुजी कुनी घ्यायची?"

अशा बोलण्याकडे शास्त्रीय वृत्तीच्या माणसानं लक्ष द्यायचं नसतं. शहाबादीनं तेल असं पिऊन टाकलं, जणू आठवडाभर उपाशी असावा. संगमरवराला लिंबू लागताच कोड फुटल्यासारखे डाग पडले. कडप्प्यालाही लिंबाचा डाग पडला म्हणा, पण काळ्यावर दिसतोय कुणाला! मग मी छातीच्या उंचीवरून त्याच्यावर वरवंटा सोडला. कडप्प्याचा टवकाही उडाला नाही. वरवंटा घरंगळला आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर आला. कडप्पा टिकाऊ ठरला. अंगठा नाही.

सोमवारी एस. टी. गाठायला लंगडत निघालो, तर वाटेत धोंडिबा गवंडी भेटला. म्हटलं, काम उरकून टाकावं.

"धोंडिबा, ओटा करायचाय. सहा हात लांब, दीड हात रुंद, दोन हात उंच. वर काळा कडप्पा. दगड बुधवारी ट्रकनं येईल."

"दोन हात उंच? आन् मानसानं चढून बसायचं कसं, अण्णा?"

"बसायचं नाहीच मुळी! आमच्या हिला आता उभं राहायचंय."

धोंडिबा थबकला. "वैनी? उभ्या ऱ्हानार?"

"हो. डॉक्टरांचंही तेच म्हणणं आहे."

"डाक्टरबी आपल्या बाजूनं हाय म्हना की! आन् तुमची आई?"

"आधी कुरकुरली. आता तिचाही पाठिंबा आहे."

"मंग अण्णा, तुमी जावा बिनघोर. असा वटा घालतो, आख्खं गाव बघत ऱ्हाईल!"

गावानं माझ्या स्वयंपाकघरात येऊन काय म्हणून बघत राहावं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण एस. टी.नं हॉर्न दिला. पुढचे तीन शनिवार कचेरीत तपासणी होती, त्यामुळे घरी जाता आलं नाही. मग धोंडिबाचं कार्ड आलं: 'वटा झाला. लई झ्याक. मानसं बघाया येत्यात.' मी आनंदानं हिला निरोप धाडला, "ओटा तयार! शनिवारी पौडला भेट, बरोबर जाऊ."

वाटभर मी हिला कडप्प्याचे गुण सांगत होतो. घराच्या वळणावर आलो आणि जागीच थांबलो.

ओटा होता. सहा हात लांब, दोन हात उंच, काळा कुळकुळीत! फक्त तो स्वयंपाकघरात नव्हता. घराबाहेर होता, दारापुढे, रस्त्याकडे तोंड करून! त्याच्याभोवती दहाबारा बायका जमल्या होत्या आणि धोंडिबा झेंडूचा हार घेऊन उभा होता.

ही माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, चूल आता रस्त्यावर आणायची का?"

"कडप्पा मात्र तोच आहे," मी म्हणालो.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गावात ओटा म्हणजे दारापुढचा, बसायचा. स्वयंपाकघरातला ओटा गावानं पाहिलेलाच नव्हता! आणि ग्रामपंचायतीची निवडणूक आली होती तोंडावर. त्यात मी सांगितलेलं, बसायचं नाही, उभं राहायचंय. दारात वटा, त्यावर उभं राहून वैनी भाषण करणार. धोंडिबाचा हिशेब बिनचूक होता.

"आई, तू तरी अडवायचंस!"

"मी कशापायी? तूच धोंडिबाला म्हनलास, तिला उभं ऱ्हायचंय. मला वाटलं, बरंच हाय, घरात एक तरी मानूस कामाचं निगालं!"

एवढ्यात शेजारच्या गंगूबाईंनी हिला हात देऊन ओट्यावर चढवलंसुद्धा. "बोला वैनी!"

ही हसत सुटली. कमरेवर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग म्हणाली, "अगं बायांनो, मी उभी राहणार होते ती भाकऱ्या भाजायला! बसून माझी कंबर गेली, म्हणून."

बायकांत असा काही हशा पिकला, की मला त्या ओट्याखाली शिरावंसं वाटलं. (धोंडिबानं तशी फटही ठेवली नव्हती. काम पक्कं!) पण गंगूबाई हसल्या नाहीत.

"मंग त्यात काय झालं? हिरीवर ऱ्हाट न्हाई. वाकून पानी शेंदून आमच्याबी कमरा गेल्यात. त्या पंचाईतीत एकाची तरी कंबर दुखती का? दुखनारं मानूस तितं पायजेच! ऱ्हावा उभ्या."

मग हिनं वरून माझ्याकडे पाहिलं.

"अहो, राहू का?"

बारा बायका, एक आई आणि एक गवंडी माझ्याकडे बघत होते. "राहा की," मी म्हणालो. दुसरं काही म्हणण्याची माझी छाती नव्हती.

ही उभी राहिली आणि बिनविरोध निवडून आली. जिनं प्रचाराआधी असा दगडी ओटा घातला ती काही माघार घ्यायची नाही, असं म्हणून विरोधातल्या बाईंनी अर्जच मागे घेतला. वर्षाच्या आत विहिरीवर रहाट बसला. दारातला ओटा हलवायला बायकांनी साफ नकार दिला. संध्याकाळी त्यावर धान्य निवडता निवडता त्यांची सभा भरायची.

मी पुन्हा कडप्पा आणला, या खेपेला परीक्षा न घेता. धोंडिबाला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि जागेवर बोट ठेवलं. "इथं. आत. भिंतीला लागून."

"आता चुकायचं न्हाई," धोंडिबा सुतळी काढत म्हणाला. "पर उंची? कुनाच्या कमरंला लावून माप घिऊ?"

पंचायतीची बैठक रविवारी असायची आणि ही निघायच्या घाईत होती. चपला घालता घालता तिनं दारातूनच सांगितलं, "यांच्या!"

हा ओटा मात्र धोंडिबानं अगदी मापात बसवला. मला तो तंतोतंत होतो. हिला चार बोटं उंच पडतो. त्यामुळे रविवारी तिथं उभं राहिलं तर कंबर पुन्हा धरेल, असं ती सांगते. डॉक्टरांचंही तेच म्हणणं आहे.