चार नोंदी आणि एक खोडलेला देश

चारही प्रूफं एकाच सकाळी परत आली. पाकिटांवर वेगवेगळ्या गावांचे शिक्के होते, आत दुरुस्ती मात्र एकच होती. जन्मस्थळाच्या ओळीत गावाचं नाव तसंच ठेवून पुढचे ‘सोव्हिएत युनियन’ हे दोन शब्द खोडले होते. पट्टी लावून, सरळ रेघेने. खाली सहीची जागा चौघांनीही कोरी ठेवली होती.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली. शिकागोतल्या एका प्रकाशन कंपनीत मी कॉपी एडिटर होते. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला मजकूर तपासून छापण्याजोगा करायचा. लग्नाआधी मुंबईत एका इंग्रजी दैनिकात हेच काम केलं होतं. इथे रोज नेपरव्हिल या उपनगरातून ट्रेनने यायचं आणि शाळांच्या लायब्ऱ्यांसाठी निघणाऱ्या एका चरित्रकोशावर दिवसभर मान मोडायची. कोशातली व्यक्ती हयात असेल, तर तिची नोंद छापण्यापूर्वी तिला प्रूफ पाठवायचं असा नियम होता. तिने वाचून सही करायची. सही नाही, तर नोंद नाही. हा नियम वकिलांनी घातला होता. त्याला अपवाद नव्हता.

चौघंही लॅटव्हियाचे. बाल्टिक समुद्राकाठचा हा छोटा देश दोन महायुद्धांच्या मधली वीस-बावीस वर्षं स्वतंत्र होता. मग सोव्हिएत युनियनने तो गिळला. युद्ध संपताना हजारो माणसं जर्मनीतल्या छावण्यांत आणि तिथून अमेरिकेत आली. आमच्या चौघांत मिनीॲपोलिसच्या एक शिल्पकार होत्या, मिशिगनमधल्या एक भाषाशास्त्राच्या प्राध्यापक होत्या आणि वॉशिंग्टनला राहणारे एक निवृत्त राजनैतिक अधिकारी होते. चौथे मिस्टर लिएपिन्श. तरुणपणी युरोपभर सायकलच्या शर्यती गाजवलेले, आता शिकागोच्या वायव्येला राहणारे.

मी प्रूफं घेऊन माझा बॉस हॅल याच्याकडे गेले. त्याने चारही नुसती चाळली.

“गाळ चौघांना. अर्धं पान मोकळं होईल.”

“गाळलं तर कोशात लॅटव्हियाचं एकही जिवंत माणूस उरत नाही.”

“शोभा, कोशात लॅटव्हियाच नाही. त्यांची तक्रार तीच आहे ना?”

“त्यांच्याशी बोलून बघू?”

“महिनाअखेरीला पानं प्रिंटरकडे जातात. तोपर्यंत कुणाशीही बोल. मला बोलायला लावू नकोस.”

मी मिस्टर लिएपिन्श यांना फोन लावला. ते म्हणाले, “शनिवारी आमच्या हॉलवर या. शिल्पांचं प्रदर्शन आहे, चौघंही भेटू. जेवून येऊ नका.”

हॉल म्हणजे चर्चचं तळघर. आमच्या मराठी मंडळाचा गणपती ज्या तळघरात बसायचा, त्याचंच हे भावंड होतं. भिंतीला घडीच्या खुर्च्यांची तीच थप्पी, टेबलावर कॉफीचं तेच स्टीलचं पिंप. कोपऱ्यात शनिवारची शाळा चालली होती. बाई लॅटव्हियनमध्ये विचारत होत्या आणि मुलं इंग्रजीत उत्तरं देत होती. हेही ओळखीचं होतं.

शिल्पकार बाईंनी माझ्यापुढे पावांची बशी सरकवली आणि लगेच मागे घेतली. “यात डुक्कर आहे. तुम्ही हे घ्या.” काळा पाव आणि शहाजिरं घातलेलं चीज. दोन्ही चांगलं होतं.

मी कामाचं बोलले. “आमचा नियम आजच्या नकाशाचा आहे. मुलांना ॲटलासमध्ये गाव सापडायला हवं. माझाच जन्म सांगली संस्थानात झाला. आमचा राजा होता, त्याच्या डोक्यावर इंग्रज होते. आज मी नुसतं इंडिया लिहिते. माझी तक्रार नाही.”

प्राध्यापक बाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. “का असेल? तुमच्याकडून ज्यांनी जायला हवं होतं, ते गेले. आमच्याकडे आलेले अजून तिथेच आहेत.”

“मग जन्मस्थळाची ओळच काढून टाकू? चौघांचीही?”

“आणि मी कुठे जन्मलो?” लिएपिन्श म्हणाले. “सायकलवर?”

सगळे हसले. ते हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या छातीवर आडवं बोट फिरवलं. “इथे देशाचं नाव शिवलेलं असायचं. आईने शिवलेलं. तुमच्या पुस्तकातला माणूस दुसऱ्याच देशात जन्मलेला आहे. तो माझ्या जर्सीत काय करतोय? त्याला मी ओळखत नाही, मॅडम. त्याच्यासाठी सही कशी करू?”

राजनैतिक अधिकारी मला दारापर्यंत सोडायला आले. निघताना त्यांनी मला कोट चढवायला मदत केली आणि एवढंच बोलले. “वॉशिंग्टनला आमची वकिलात अजून उघडी असते. दारापुढचा बर्फसुद्धा रोज काढतात.” म्हाताऱ्या माणसाचा अभिमान म्हणून मी ते ऐकलं आणि घरी आले.

सोमवारी हॅलनेच तोडगा काढला. “जन्माच्या वेळी देशाचं जे नाव असेल, ते छाप. या चौघांपुरतं. नियमाला अपवाद करतोय मी, लिहून ठेव.”

मी जागेवर येऊन जन्मसालं पाहिली. तिघं दोन युद्धांच्या मधले. लिएपिन्श मात्र पहिल्या युद्धाच्याही आधीचे. तेव्हा लॅटव्हिया नावाचा देश झालाच नव्हता, त्यांचं जन्मगाव रिगा रशियाच्या झारचं होतं. हॅलच्या तोडग्याने तिघं लॅटव्हियात जन्मत होते आणि आईने देशाचं नाव शिवून दिलेला माणूस रशियन साम्राज्यात.

हे त्यांना सांगणं भाग होतं. मी लिएपिन्श यांना फोन लावला.

“म्हणजे कॉम्रेडच्या हातून सुटून झारच्या हातात.”

“बाकी तिघांचं काम होतंय.”

“होऊ द्या. मी त्यांना सही करायला सांगतो. मला गाळा.”

तासाभरात प्राध्यापक बाईंचा फोन आला. “लिएपिन्श यांनी आमच्या वतीने तुम्हाला काही सांगितलं असेल, तर ते रद्द समजा. एक तर चौघं, नाहीतर कुणीच नाही.”

मी हे हॅलला सांगितलं नाही. तो काय म्हणणार, ते मला माहीत होतं.

त्याऐवजी मी कंपनीची नियमांची फाइल काढली. जन्मस्थळाचा नियम मला पाठ होता, म्हणूनच बहुधा मी तो बरेच दिवस वाचला नव्हता. त्यात आजच्या नकाशाचा उल्लेखच नव्हता. वाक्य असं होतं: गावापुढे देशाचं आज मान्य असलेलं नाव द्यावं. ॲटलासची सवय आम्ही आमच्या सोयीने लावून घेतली होती.

वर्तमानपत्रात पहिल्याच आठवड्यात शिकवतात, बातमीत ‘मान्य’ असं आलं की कुणाला मान्य, हे विचारायचं. मला वकिलातीच्या दारापुढचा, रोज काढला जाणारा बर्फ आठवला. ज्या देशाची वकिलात उघडी आहे, त्या देशाला कुणीतरी देश मानत असलं पाहिजे.

वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्यात फोन केला. तीन टेबलं फिरून तो एका कंटाळलेल्या आवाजापर्यंत पोचला.

“लॅटव्हियाचं सोव्हिएत युनियनमधलं विलीनीकरण अमेरिकेने मान्य केलेलं नाही, मॅम.”

“आजही नाही?”

“आज सकाळपर्यंत तरी नाही.”

“हे लेखी मिळेल?”

“लोक सहसा लेखी मागत नाहीत.”

“मी मागते आहे.”

पत्र आलं. सोबत सरकारी नकाशाची प्रत होती. तळाला बारीक अक्षरात तेच वाक्य. वॉशिंग्टनमधल्या परदेशी वकिलातींच्या यादीचं पानही होतं आणि त्यात लॅटव्हिया होता. मग मी वकिलातीला फोन केला. तो लगेच उचलला गेला. मी पत्ता पडताळला, आभार मानले आणि कागद हॅलपुढे ठेवले.

“अपवाद नको,” मी म्हटलं. “नियम आहे तसाच लावू. आपण तो आजवर चुकीचा लावत होतो. जन्मसाल कुठलंही असो, चौघांनाही लॅटव्हियाच लागतो.”

त्याने नियम वाचला. पत्र वाचलं. पुन्हा नियम वाचला.

“सेल्सवाले मला कच्चा खातील. मुलांना ॲटलासमध्ये लॅटव्हिया सापडणार नाही.”

“कोशाच्या शेवटी सूची आहे, तिच्यात एक ओळ घालू. लॅटव्हिया, सध्या सोव्हिएत अमलाखाली. सापडेल.”

“मग लिथुआनिया? एस्टोनिया?”

“तेही. पत्रात तिन्ही आहेत.”

“म्हणजे हयात नसलेल्यांच्या नोंदीसुद्धा? सगळी पानं पुन्हा लावायची? प्रिंटर येऊन माझ्या खुर्चीत बसेल, शोभा.”

याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. “लॅटव्हिया हा एक शब्द आहे. सोव्हिएत युनियन दोन. नवीन नाव प्रत्येक ठिकाणी लहानच आहे. एकही ओळ खालच्या ओळीत जाणार नाही, एकही पान हलणार नाही. नोंदी मी शोधते.”

“ओव्हरटाइम मिळणार नाही.”

“माहीत आहे.”

हॅलने टेबलावरचं पेन उचललं आणि पत्राच्या कोपऱ्यात स्वतःची आद्याक्षरं घातली. “लॅटव्हिया वाचला, कारण तो आखूड आहे,” तो म्हणाला. “हे त्यांना सांगू नकोस.”

पुढचे दिवस जेवणाच्या सुट्टीत आणि ट्रेनमध्ये मी त्या नोंदी काढत बसले. चित्रकार, मंत्री, पैलवान, रसायनशास्त्रज्ञ. काम कंटाळवाणं होतं, अवघड नव्हतं. चौघांना नवी प्रूफं गेली. तिघांच्या सह्या पोस्टाने आल्या.

लिएपिन्श स्वतः आले. पँटच्या उजव्या पायाला सायकलची क्लिप तशीच होती. त्यांनी चष्मा लावून नोंद सुरुवातीपासून वाचली. जन्मस्थळापाशी थांबले आणि पुढे गेले. मग खिशातून पट्टी काढली, एका जागी सरळ रेघ मारली आणि वर एक शब्द लिहिला. मी प्रूफ माझ्याकडे वळवून घेतलं.

त्यांच्या सर्वांत मोठ्या शर्यतीत आम्ही त्यांना दुसरा क्रमांक दिला होता. त्यांनी तो तिसरा केला होता.

“आमच्या संदर्भांत दोन ठिकाणी दुसरा आहे,” मी म्हटलं.

“त्या दोन ठिकाणचे लोक शर्यतीत नव्हते.”

“पहिल्या प्रूफात का नाही सांगितलंत?”

“तो मी नव्हतोच,” ते म्हणाले. “त्याला दुसरा काय, पहिला आणला असतात तरी मला काय!”

त्यांनी सही केली आणि माझ्या टेबलावरची शिसपेन्सिल नकळत खिशात घालून गेले.

पानं वेळेवर प्रिंटरकडे गेली. सेल्सवाल्यांनी कुणाला खाल्लं नाही. एका शाळेने पत्र लिहून विचारलं की लॅटव्हिया कुठे आहे. हॅलने त्यांना सूची पाहायला सांगितलं.

काही वर्षांनी लॅटव्हिया स्वतंत्र झाला. आमच्या धंद्यातल्या बाकीच्या कंपन्यांनी घाईघाईने जन्मस्थळं बदलायला घेतली. आम्ही सूचीतली त्याची ओळ तेवढी काढली. चौघांपैकी एकाच नोंदीत बदल झाला. लिएपिन्श ते स्वातंत्र्य पाहायला नव्हते. त्यांच्या जन्मसालापुढच्या रेघेनंतर मी मृत्यूचं साल भरलं. बाकी ओळीला हात लावावा लागला नाही.

तेव्हापासून कामावर येणाऱ्या नव्या मुलांना मी एकच सांगत आले. नियम मोडायची परवानगी मागण्याआधी तो एकदा वाचून घ्या.