माझा बंब आणि ओळख परेड

नात कायद्याचं शिकते. परवा म्हणाली, "आजोबा, माणूस चोर का होतो, याचे किती सिद्धांत आहेत माहितीये?" मी म्हटलं, "मी चौथी शिकलेला. पण चोर मला नुसत्या नजरेनं कळतो." त्यावर तिची आजी तोंडाला पदर लावून हसली. तिला आमचा बंब आठवला असणार.

राज्यांची वाटणी होऊन आमचं शहर आंध्रात गेलं, त्या काळातली गोष्ट. गौलीगुड्यात आमच्या अंगणातून तांब्याचा बंब चोरीला गेला. पळणारा चोर मी एकट्यानंच पाहिला होता. पोलिसांनी कोपऱ्यावरच्या टरबूजवाल्याला धरलं आणि मला ओळखायला बोलावलं. त्याची आई ठाण्याबाहेर रडत बसलेली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला की पोरगा आत जाणार.

ओळख परेडीच्या रांगेला माणसं कमी पडली, म्हणून जमादारानं एका शिपायालाच साध्या कपड्यांत उभं केलं होतं. आमचे ओळखीचे मराठी शिपाई तिकडे मुंबई राज्यात गेलेले; हा आंध्राकडून नवाच आलेला. मी रुबाबात गेलो आणि त्याच्याच खांद्यावर हात ठेवला.

"पटेल, जरा गौर से देखो," जमादार म्हणाला.

"देखा. यहीच है!"

दुसरा साक्षीदार नव्हता, म्हणून टरबूजवाला सुटला. बंब काही मिळाला नाही, आणि त्या शिपायाबद्दल माझं मत आजही तेच आहे. टरबूजवाला मात्र पुढं दर उन्हाळ्यात मला फळाला हात लावू देत नसे.

"मामू, तुम नक्को चुनो," म्हणायचा. "मैंच चुन को देतुं."