स्क्वॉडमधले सर

आमच्या ऋतुजाच्या मोबाईल गेममध्ये मी तीन आठवडे होतो. तेवढ्यात एकोणीस वेळा मेलो, त्यातले चार वेळा स्वतःच्याच हातून.

मी मुरुमला शाळेत मराठी शिकवतो. माझी मुलगी ऋतुजा नववीत आहे. सातवीपर्यंत ही पोरगी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी बोलायला लागायची. मग कुठं काय बिनसलं कोण जाणे, तिचं माझ्याशी बोलणंच आटलं. जेवलीस का, हं. अभ्यास झाला का, हं. उद्या पेपर आहे ना, हं. वर्षभर मी त्या एका अक्षरावर दिवस काढले.

एका संध्याकाळी मागच्या खोलीतून तिचा आवाज आला. "शिफा, घाबरू नको, मी आले. तू तिथंच बस, मी आहे ना." इतकं मायेनं ती कुणाशी बोलतेय म्हणून मी दाराशी जाऊन उभा राहिलो. मग आत डोकावलं, तर बाईसाहेब मोबाईलमध्ये बंदूक घेऊन एका माणसाला छपरावरून खाली पाडत होत्या.

मोबाईल काढून घ्यायचा, हा माझा पहिला विचार. (मागच्याच महिन्यात शाळेच्या प्रार्थनेला मी मोबाईल गेमच्या दुष्परिणामांवर पाऊण तास बोललो होतो. दोन मुलं चक्कर येऊन पडली, पण ती उन्हानं.) सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, भाकरी थापता थापताच निकाल दिला, "घ्या की काढून. मग ती हं बी म्हणायची न्हाय."

त्याच आठवड्यात आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तिथं एका बाईंनी सांगितलं की असे खेळ बंद करू नका, मुलांसोबत बसून खेळा. त्यातूनच सहकार्य, संयम, चांगलं बोलणं शिकवता येतं. मला एकदम वाट दिसली. गेम वाईट नाही, त्याला फक्त एका शिक्षकाची गरज आहे, असं माझ्या मनानं घेतलं. आणि शिक्षक घरात बसूनच होता.

खेळात चौघांची टोळी लागते, तिला स्क्वॉड म्हणतात. ऋतुजा, समोरच्या गल्लीतली शिफा आणि अणदूरची माझी भाची प्रणोती, अशा तिघी ठरलेल्या. चौथा कुणीतरी अनोळखी यायचा. त्या जागी मी येतो म्हटल्यावर ऋतुजानं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू शेजाऱ्यांची शेळी देवघरात शिरलीय. पण शिफा भिडस्त. सरांना नाही कसं म्हणायचं, असं ती म्हणाली आणि मी भरती झालो.

पहिल्याच दिवशी मी तिघींना समजावून सांगितलं की पडलेल्या सोबत्याला आधी उचलायचं, औषध वाटून घ्यायचं, घाण बोलायचं नाही. नंतर माझ्या ध्यानात आलं की हे सगळं त्या आधीपासूनच करत होत्या. एकमेकींना टाकून कुणी पळत नव्हती. मला शिकवायला काही उरलंच नव्हतं, आणि शिकवायला काही उरलं नाही की मास्तर फार धोकादायक होतो.

मग मी शत्रूला सुधारायला घेतलं. समोर कुणी दिसला की सगळ्यांसाठीचा माईक चालू करून विचारायचो, बाळा, कितवीत आहेस, गृहपाठ झाला का. बाळ आवाजाच्या दिशेनं गोळ्या घालायचं. मला उचलायला ऋतुजा यायची, ती पडायची. तिला उचलायला शिफा यायची, तीही पडायची. प्रणोती तिकडं अणदूरहून कळवळून म्हणायची, "मामा, तुम्ही शत्रूकडून खेळताय का हो?"

तरी त्या मला सहन करत होत्या. आणि एक सांगतो, त्या तीन आठवड्यांत पोरगी माझ्याशी बोलत होती. मामुली बोलायची, पप्पा डावीकडं, पप्पा ती भिंत आहे, पप्पा तुम्ही नदीत उभे आहात. पण बोलत होती. मी रोज संध्याकाळची वाट बघायला लागलो.

अशात उमरग्याच्या एका मोबाईलवाल्यानं या गेमची स्पर्धा ठेवली. मंगल कार्यालयात, रविवारी दुपारी. मुलींची टोळी या तिघींची, एवढी एकच. माझ्याऐवजी चौथी म्हणून त्यांनी शाळेतली एक मुलगी ठरवली होती, तिला ताप भरला. वयाची अट कुणी घातली नव्हती, कारण माझ्यासारखा कुणी येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. शनिवारी ऋतुजा स्वतःहून माझ्यापाशी आली. "पप्पा, उद्या याल का? तुम्ही नुसतं बसा. काही करू नका. सगळं आम्ही बघतो."

वर्षभरात तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

मंगल कार्यालय भरलं होतं. प्रणोती अणदूरहून थेट तिथंच आली होती. खेळ मोठ्या पडद्यावर, आमचं बोलणं स्पीकरवर. अर्धे प्रेक्षक आमच्या शाळेतले, त्यांचे आईबापही आलेले. गेममध्ये मला एका पडक्या घराच्या कोपऱ्यात बसवलं होतं आणि खरंच सांगतो, पाऊण डाव मी हललो नाही. बाकीच्या टोळ्या एकेक करत संपल्या. आम्ही आणि मुलांची एक टोळी, एवढंच उरलं. हॉलमधली माणसं उठून उभी राहिली. तेवढ्यात ऋतुजाला गोळी लागली.

गेममध्ये गोळी लागलेलं माणूस लगेच मरत नाही, रांगायला लागतं. माझी पोरगी रांगत घरात आली. मी तिला रांगताना शेवटचं पाहिलं होतं ते आमच्या ओसरीवर, तोंडात माती घेतलेली. शिफा तिला उचलत होती, प्रणोती दार राखत होती. कुणीही मला काहीही करायला सांगितलेलं नव्हतं. तरी मी पोरीला औषध द्यावं म्हणून बटण दाबलं.

ते औषधाचं नव्हतं. बॉम्ब समोरच्या भिंतीला लागून परत आला आणि आमच्या चौघांच्या मधोमध पडला. ऋतुजा एवढंच म्हणाली, "पप्पा." पुढच्या क्षणी घरात कुणीच उरलं नाही.

आणि मग स्पीकरवरून माझा आवाज आला. आमचे आजोबा अडून बसलेल्या बैलासाठी एक शिवी वापरायचे. चांगली लांब, बैलाच्या तीन पिढ्यांना पुरून उरेल अशी. ती माझ्या तोंडात आहे हे मला चाळीस वर्षं ठाऊक नव्हतं. ती अख्खीच्या अख्खी मंगल कार्यालयात घुमली. मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. आमच्या शाळेच्या निम्म्या पोरांनी ते मोबाईलमध्ये उतरवून घेतलं होतं.

परतीच्या जीपमध्ये ऋतुजा खिडकीतून उसाचे फड बघत बसली होती. डोळे पुसायची आणि वाऱ्यानं पाणी आलं असं दाखवायची. मी सॉरी म्हणालो. तिनं मान हलवली, पण कुठल्या बाजूनं ते कळलं नाही. शेवटी शिफानंच हळूच विचारलं, "सर, त्या शब्दाचा अर्थ काय हो?" मी म्हणालो, बैलांना म्हणतात. जीपवाला इतका हसला की त्यानं गाडी बाजूला घेतली.

सोमवारी मी वर्गात शिरलो तेव्हा पाठीमागच्या बाकावरून कुणीतरी बैल हाकल्याचा आवाज काढला. हेडमास्तर माझ्याशी आठवडाभर फक्त चिठ्ठीनं बोलले. ते सगळं चालून गेलं असतं. पण घरात पुन्हा शांतता पसरली, आणि ती माझ्या कर्तबगारीची होती. मी मागच्या खोलीच्या दाराशी जायचो, आतली खुसफुस ऐकायचो आणि परत फिरायचो.

दहाएक दिवसांनी तिथून हसण्याचा आवाज आला, चौघींचा. मी ऋतुजाला विचारलं, चौथी कोण मिळाली.

"मम्मी."

मी म्हणालो, "तिला कुठं खेळता येतं?"

"न्हाय येत," ऋतुजा म्हणाली. "पण सांगितलेलं ऐकते."

आत सुनंदा चष्मा कपाळावर चढवून गेममध्ये पोरी म्हणतील तिथं बसून होती, आणि त्या डाव जिंकत आल्या होत्या. मी परत ओसरीवर येऊन सहामाहीची प्रगतिपुस्तकं भरायला घेतली. 'हुशार आहे, पण सूचना पाळत नाही' हा शेरा मी बावीस वर्षं पोरांना देत आलोय. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मी त्यातला 'हुशार आहे' एवढा भाग खोडून बघितला, आणि उरलेला शेरा मला अगदी मापात बसला.