कोरड्या दगडाचं मॉडेल

ईरा, अनय, हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. तुमच्या शाळेच्या प्रकल्पात ‘कम्प्युटरवर कारखाना चालवणारी आमची आजी’ असं वाचलं आणि संताप आला — तुमचा नाही, माझाच.

काम खरं होतं. धुळ्याजवळ दगड फोडून, चाळून, धुऊन वाळू करायचा कारखाना होता. जळगावच्या ऑफिसात बसून मी तो आधी कम्प्युटरवर चालवून बघायचे — किती दगड घातला तर कुठली चाळणी किती वाळू देईल. त्याला आम्ही मॉडेल म्हणायचो.

दगडाचे नमुने मी उन्हाळ्यात घेतले. तिथे यंत्र चालवणारे हिलाल नाना हसले. “ताई, पानी पडना का या दगडसंगे चिकन माटी येस. तुमना कम्प्युटरमा चिखल शे का?”

मी ते वहीत उतरवून घेतलं — मी सगळंच उतरवून घेते — आणि मॉडेलमध्ये कोरडाच दगड ठेवला. का? चौथी शिकलेला माणूस मला काय शिकवणार, म्हणून. दुसरं कारण नव्हतं.

पावसाळ्यात चाळण्या चिखलानं बुजल्या. कारखाना बंद. मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. “मॅडम, चुकलं कोण? तुमचं मॉडेल की आमचे नाना?”

वही माझ्या पर्समध्ये होती. कळतंय ना — पर्समध्ये. मी म्हणाले, “मॉडेल बरोबर आहे. चालवण्यात चूक झाली.” अहवालातही तेच लिहिलं, इंग्रजीत, नानांना वाचता न येणाऱ्या भाषेत. मालकांनी तो कागद नानांपुढे ठेवून मजकूर सांगितला. ते कागदाकडे बघत राहिले. “लिखेल शे ना ताई, मंग खरंच व्हई.” त्याच दिवशी त्यांना काढलं.

आणि मग? मग मी मॉडेलमध्ये गुपचूप चिखल घातला — त्यांनी सांगितलेला. धुण्याची सोय वाढवली. पुढच्या पावसाळ्यात कारखाना चालला आणि शाल मला मिळाली. तुमच्या प्रकल्पातल्या फोटोत आहे ती. मॅडमनी दोष शोधून काढला, असं सगळे म्हणाले आणि मी मान डोलावली. चीड येते ती याची. खोटं घाबरून एकदा बोलले. शाल मात्र कितीतरी हिवाळे पांघरली.

नाना पुढे सावद्याला, मुलीकडे राहून, केळीच्या वखारीत गाड्या भरायचे. माझी बहीणही सावद्यालाच. दर दिवाळीत मी जायचे. रिक्षा त्या वखारीवरूनच जायची. मी दुसऱ्या बाजूला बघायचे.