लिंक नाही, असं मी म्हणालो

परवा सुनेने नवा राउटर खोक्यातून काढला आणि त्या कोऱ्या प्लास्टिकच्या वासाने मी घाटंजीतल्या आमच्या ओसरीवर जाऊन पोचलो. कापसाची वाईट वर्षं होती. शाळेतून निवृत्त होऊन मी तिथे दोन कॉम्प्युटर मांडले होते आणि लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देत होतो.

तिथे एका दुपारी नवा राउटर मी स्वतःच जोडला. माणूस बोलवायला कमीपणा वाटला. कॉम्प्युटर राउटरला जोडलेले दिसत होते, पण एकही पान उघडेना. समोर वेचणीचा रोज बुडवून आलेली कांताबाई आणि तिची सुषमा बसल्या होत्या. सुषमाच्या नर्सिंगच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता.

"सर, होत नसन तं यवतमाळले जातो. आता जीप हाय," कांताबाई म्हणाली.

"जाऊन काय करता? लिंकच नाही. सगळीकडे बंद आहे."

"लिंक हाय का नवी नवरी? जवा पाहा तवा रुसते," सुषमा हसली. बँकेत, तहसिलीत हेच ऐकत आलेल्या त्या मायलेकी निमूट बसून राहिल्या. जीप निघून गेली. पाच वाजता अर्ज बंद झाला.

त्या गेल्यावर दिसलं, बाहेरून आलेली वायर मी राउटरच्या भलत्याच भोकात खोचली होती.

पुढच्या हंगामात सुषमा कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती. कांताबाई मात्र भेटेल त्याला सांगायची, "सरानं लय कोशिश केली." मी शेजारी उभा असलो, तर मान हलवायचो.