टेबलावरचा माणूस टेबलावरच

आमच्या आत्याचं आधी मनगट बघावं आणि मग तोंड. बाई अंगाने काडी, पण मनगटं अशी की दुसऱ्या कुणाची तरी काढून हिला जोडलीत. नखं पार कातडीपर्यंत कापलेली, हातात बांगडी नाही की अंगठी नाही. तेलाचा वास अंगात इतका मुरलेला की ती उंबऱ्यात आली हे माजघरात झोपलेल्यालाही कळायचं.

नवरा तरणाताठा गेला आणि ती भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, घरी आली. बसून खाणाऱ्यातली नव्हतीच. हाडांच्या दवाखान्यामागे मालिशचं केंद्र होतं, तिथे शिकली आणि तिथेच लागली. पुरुषही येतात म्हटल्यावर वडील उसळले.

"परक्या पुरुषांची अंगं चोळणार तू?"

"दादा, डॉक्टरीण पोट दाबून बघते तेव्हा तुम्ही काय म्हणता?"

"ती डॉक्टरीण आहे."

"आणि मी काय पाकीटमार आहे?"

वडील आणखी चिडले. तेव्हा आत्याने त्यांना एक शब्द दिला. "माझ्या टेबलावरचा माणूस टेबलावरच. खाली उतरला की मी त्याला ओळखत नाही. हे ज्या दिवशी मोडेल त्या दिवशी तुम्ही म्हणाल ते खरं, आणि मी खोटी." वडिलांनी तो शब्द मनात असा जपून ठेवला की बँकेत ठेवला असता तर व्याज आलं असतं.

आत्याने तो पाळलाही. गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं तर ओळख त्याने दाखवायची. नाही दाखवली तर ही समोरून भिंतीसारखी निघून जायची. टेबलावर ज्या भागाचं काम तेवढाच उघडा, बाकी सगळं टॉवेलखाली. कुणी टेबलावर पडल्या पडल्या रडायला लागायचं. अंग मोकळं झालं की मनही सांडतं, त्याला इलाज नाही. आत्या टेबलाखालून रुमाल पुढे करायची आणि काम चालू ठेवायची. कशाला रडलात हे तिने कधी विचारलं नाही. आणि कुणी आगाऊपणा केलाच, तर आरडाओरडा नाही. दोन पावलं मागे सरायची, दिवा मोठा करायची, दार सताड उघडायची.

"तुमची वेळ संपली."

"अहो, आत्ताच तर सुरू झाली."

"घड्याळाची सुरू झाली असेल. तुमची संपली."

घरी आल्यावर आई खोदून खोदून विचारायची, "वन्सं, आज कोण कोण आलं होतं हो?" आत्या म्हणायची, "वहिनी, आज पाठी आल्या होत्या. आणि एक मान." आईला वाटायचं, ही आपली थट्टा करते. ती थट्टा करायचीच, पण नावही सांगायची नाही.

आणि मग रंगारी आला.

घरं रंगवणारा माणूस. उभा जन्म छतं रंगवण्यात गेला, त्यामुळे उजवा खांदा गंजक्या बिजागरीसारखा झालेला. हात वर जाईना. सदरा घालायचा तर आधी भिंतीला टेकायचं, मग देवाचं नाव घ्यायचं. बायको कधीच वारलेली, लेक सासरी. आत्याच्या टेबलाला तोंडापुरतं भोक होतं. पालथं पडलं की त्यातून फरशी आणि आत्याची पावलं, एवढंच जग दिसायचं. बाकीची गिऱ्हाइकं डोळे मिटून पडायची. हा गडी त्या भोकातून बोलायचा.

"बाई, ही फरशी कुणी बसवली? गवंडी प्रेमात पडला असणार. एक ओळ सरळ नाही."

"बोलू नका. श्वास सोडा."

"सोडला. आता परत घेऊ का, की दिला तो दिलाच?"

आत्याला हसू आवरेना. आवाज दाबता आला, पण हाताला कसं दाबणार? पाठीवरचा हात थरथरला आणि भोकातून आवाज आला, "हसलात. मला कळलं."

पुढच्या खेपेला म्हणाला, "बाई, उजव्या चपलेचा अंगठा आज-उद्या जीव सोडणार बघा."

"तुम्ही आपल्या खांद्याकडे लक्ष द्या."

"खांदा माझ्या मागे आहे. मला इथून दिसतं ते हेच."

अंगठ्याने खरंच जीव सोडला. त्याच्या पुढच्या वेळी रंगारी कागदात गुंडाळलेला नवा जोड घेऊन आला. आत्याने कागद उघडून बघितला आणि पुन्हा गुंडाळला. "गिऱ्हाइकाकडून काही घ्यायचं नाही, असा आमचा नियम आहे."

"अहो, लाच नाही ही, चप्पल आहे."

"माप कुठून मिळालं?"

"मी नुसती भिंत बघून किती डबे लागतील ते सांगतो. तुमचा पाय काय भिंतीहून मोठा आहे?"

जोड त्याच्या हाती परत गेला. तो वाईट वाटून न घेता टेबलावर पालथा पडला. खरं तर आत्याला राग यायला हवा होता. आला असता तर बरं झालं असतं. रागाचं काय करायचं हे तिला पाठ होतं. पण राग आलाच नाही. त्या दिवशी खांद्याचं काम झाल्यावरही तिला हात उचलावासा वाटेना. उचलला, पण वाटेना हे खरं. कुणाला कळलं नसतं. रंगाऱ्यालाही नाही. पण तिला कळलं. टेबलावर पडलेला माणूस आपलं अंग आपल्या हवाली करतो तो खांदा दुखतो म्हणून. त्यात आपल्या मनाचं काही मिसळलं की ते तेल नासलं, असं तिचं मत. दुसऱ्यांना तिने याच कारणासाठी दार दाखवलं होतं. मग स्वतःला काय सूट?

दुसऱ्या दिवशी ती मालकीणबाईंकडे गेली. केंद्र त्यांचंच होतं. "रंगाऱ्याचा खांदा रोलरकडे द्या. माझ्याकडे नको."

रोलर हे तिथल्या दुसऱ्या मालिशवाल्याचं टोपणनाव. माणूस गाईसारखा गरीब, पण कोपर असं की गिऱ्हाईक आत दोन पायांवर जायचं आणि बाहेर यायचं ते कोणत्या पायावर हे बघावं लागायचं. मालकीणबाईंनी चष्मा काढला. "काही केलं का त्याने?"

आत्याने आयुष्यभर जे उत्तर दिलं तेच दिलं. "गिऱ्हाइकाबद्दल मी बोलत नाही."

आता त्या धंद्यात अशा प्रश्नाला बाई असं म्हणाली की त्याचा अर्थ एकच, गिऱ्हाइकाने आगाऊपणा केला. मालकीणबाईंनी तोच घेतला. पुढच्या खेपेला रंगारी आला तेव्हा बाहेर बसणाऱ्या पोरीने त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "यापुढे तुम्ही रोलरकडे."

"का? बाईंना राग आला का माझा?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

रंगारी तसाच उलट्या पावली गेला तो पुन्हा फिरकला नाही. आत्याला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. मन दुखलं, पण दुखणाऱ्या गोष्टींची तिला सवय होती, धंदाच तो.

इथपर्यंत सगळं नियमाने झालं होतं. आणि नियमानेच घात केला.

शाळेच्या मोठ्या बाई आत्याकडे मानेसाठी यायच्या. एकदा भोकातून फरशीला उद्देशून त्या म्हणाल्या, "बाहेरची पोरगी सांगत होती. बरं केलंत हो त्या रंगाऱ्याला हाकललंत. मी माझ्या घराचं काम काढून घेतलं त्याच्याकडून. शेजारच्यांनाही सांगितलं. घरात तरण्या मुली आहेत, असला माणूस दिवसभर घरात कोण ठेवील?"

आत्याचे हात थांबले.

रंगाऱ्याचं पोट लोकांच्या घरात शिरण्यावर. रिकाम्या दुपारी बायका एकट्या असतात, कपाटं उघडी असतात, आणि लोक त्याच्या भरवशावर घर टाकून जातात. तो भरवसाच त्याची शिडी. ती शिडी आत्याने न बोलता खालून काढून घेतली होती. आता तोंड उघडावं तर तिचा सगळा जन्माचा शब्द जातो. भावाला दिलेला तर जातोच, केंद्रातल्या बायकांची अब्रूही जाते. 'मालिशवाल्या बायका म्हणजे' असं म्हणणाऱ्यांच्या तोंडी आयता घास. गप्प बसावं तर निर्दोष माणूस आयुष्यातून उठतो. चूक तिची आणि शिक्षा त्याला.

तिने टॉवेल खांद्यापर्यंत ओढला. "बाई, जरा उठून बसता? हे पालथं पडून ऐकायचं नाही."

मोठ्या बाई टॉवेल गुंडाळून, गालावर भोकाचा वळ घेऊन उठून बसल्या.

"त्या माणसाने काहीही केलं नाही," आत्या म्हणाली. "बोट लावलं नाही, वाकडा शब्द नाही. मीच त्याला काढला. माझं मन त्याच्याकडे जायला लागलं होतं. तसं झालं की हात लावायचा नसतो, म्हणून काढला."

मोठ्या बाईंनी टॉवेल आणखी घट्ट गुंडाळला. शाळेत पोरांनी काहीही सांगितलं तरी त्यांना पुढचं वाक्य माहीत असायचं, इथे नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "अहो, हे मला कशाला सांगितलंत?"

"कारण तुम्ही शेजारी सांगितलंत. आता हे सांगा."

तशीच ती मालकीणबाईंकडे गेली आणि बाहेरच्या पोरीला आत बोलावून दोघींच्या समोर तेच बोलली. मालकीणबाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "नोकरीवरून काढलं पाहिजे तुला."

"काढा."

"मूर्ख आहेस. वेळेवर हात काढून घेतलास म्हणून काढता येत नाही, एवढीच अडचण आहे. पण नीट ऐक. त्याचा खांदा या छपराखाली बरा होईतो तू त्याच्याशी शब्द बोलायचा नाहीस. इथे नाही, रस्त्यात नाही, स्वप्नात नाही. बरा झाला की पुढे तुमचं नशीब."

बातमी घरी आत्याच्या आधी पोचली. वडील दारातच उभे होते. "शेवटी झालंच ना? मी म्हणत होतो."

"हो, दादा. तुम्ही म्हणत होता."

वडिलांची कितीतरी वर्षांची भांडणाची तयारी होती, आणि समोरून भांडण आलंच नाही. ते दारातून बाजूला झाले आणि त्यानंतर बरेच दिवस तिच्याशी भिंतीमार्फत बोलले: "कुणाला चहा हवा असेल तर आहे म्हणावं." मधल्या काळात आत्याची काही गिऱ्हाइकं सुटली. बायका टॉवेल जास्त घट्ट धरू लागल्या. दोघी-तिघींनी रस्त्यात मान फिरवली. तिने ते सगळं सोसलं. आपणच बोललो होतो, तेव्हा कुणाला दोष देणार?

मोठ्या बाईंनी रंगाऱ्याचं काम परत दिलं आणि, शिक्षकच त्या, कारणासकट दिलं. तो म्हणे शिडीवरून खाली उतरला, ब्रश पाण्यात घातला, आणि म्हणाला, "मला वाटलं चप्पल आवडली नाही." मग हात धुऊन थेट केंद्रात गेला, मालकीणबाईंची अट ऐकली आणि रोलरकडची वेळ मागितली.

त्यानंतर जे झालं त्याला प्रेम म्हणावं की मारहाण, कळत नाही. एका खोलीत आत्या कुणाची तरी कंबर सोडवत असायची आणि पलीकडून रंगाऱ्याची बोंब यायची. "अहो रोलर, खांदा माझाच आहे, घरी न्यायचाय!" आत्याच्या गिऱ्हाइकाने विचारावं, "पलीकडे काय चाललंय?" आत्याने म्हणावं, "श्वास सोडा." येता-जाता दोघं दारात समोरासमोर आली तर तो छताकडे बघायचा आणि ती फरशीकडे. बाहेरची पोरगी मध्ये बसून हसू गिळायची. रंगाऱ्याने एकही वेळ चुकवली नाही. रोलरसुद्धा म्हणाला, एवढा मार खाऊन परत येणारा माणूस त्याने पाहिला नव्हता.

खांदा सुटला. उजवा हात कानाला लावून त्याने तो मालकीणबाईंच्या टेबलापुढे वर केला, वर्गात पोर करतं तसा. "बाई, बरा झालो. आता माझं नाव इथून काढा." मग आमच्या घरी आला आणि सरळ वडिलांपुढे बसला. वडील म्हणाले, "मला काय विचारता? मी म्हणत होतोच." पण चहा त्यांनी या वेळी भिंतीला न सांगता त्याच्या हातात दिला.

लग्न झालं. आता कुणालाही वाटेल की रंगाऱ्याची चंगळ झाली. तो छतं रंगवणं काही सोडेना, त्यामुळे खांदा अधूनमधून कुरकुरतोच. एकदा आई त्यांच्याकडे गेली होती तेव्हा तो खाटेवर वेडावाकडा होऊन कण्हत होता आणि आत्या शेजारी बसून भाजी निवडत होती. आईला राहवेना.

"वन्सं, अहो दाबा की जरा! आता तर घरचाच माणूस आहे."

"घरचा आहे म्हणूनच नाही," आत्या म्हणाली. "हा 'आई गं' म्हणाला की माझा हात ढिला पडतो. ढिल्या हाताने खांदा सुटत नाही. रोलरचा हात नाही ढिला पडत."

रंगारी कण्हायचं विसरून तिच्याकडे बघत राहिला. तिने मान वर केली नाही. "बघताय काय? केंद्र बंद व्हायच्या आत जा."

तो उठला, सदऱ्यात कसाबसा हात घातला आणि मार खायला निघाला.