मार्थाबाईची साक्ष

बाबा गेल्याचा निरोप वरोऱ्याला मोटारवाल्याने आणला. मी दवाखान्यात पट्ट्या गुंडाळत होते. हातातली पट्टी नीट गुंडाळून ठेवली आणि मगच रडले... हातचं काम अर्धं टाकायचं नाही, इतकी मी त्यांचीच लेक. गडचिरोलीपलीकडच्या जंगलात आमची लहानशी ख्रिस्ती वस्ती, तिचे ते उपदेशक. बोलायला बसले की समोरच्याची भाकर थंड व्हायची. कुणाचा बैल मेला, कुणाचं पोर तापलं, त्यात देवाचा हेतू काय हे बाबा चटकन सांगून मोकळे. माय चिडवायची, "देव तुमाले विचारूनच करते वाट्टे सगळं."

पहिली निवडणूक झाली त्या उन्हाळ्यात माय मोहफुलं वेचायला गेली आणि तिला वाघाने नेलं. शेजारची मार्थाबाई रोज तिच्यासोबत जायची. त्या दिवशी तिला थंडीताप भरला, म्हणून माय एकटीच गेली होती.

आमच्याकडे रविवारच्या प्रार्थनेत साक्ष द्यायची रीत. ज्याच्यावर कृपा झाली त्याने उभं राहून सांगायचं, उपदेशकाने "देवाची स्तुती असो" म्हणायचं, की सगळ्यांनी "आमेन". पुढच्याच रविवारी मार्थाबाई उभी राहिली. भोळी बाई, कृपा झाली तर लपवू नये एवढंच तिला ठाऊक. म्हणाली, "देवानं मले ताप देल्ला, म्हणून मी वाचली." सगळे बाबांकडे बघायला लागले. मीही. शेवटी ते म्हणाले, "स्तुती असो." आमेन मात्र कुणालाच म्हणवलं नाही.

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन विचारलं, "मंग मायले काऊन नाई देल्ला ताप?" मेलेल्या बैलाचंसुद्धा उत्तर असणारे बाबा म्हणाले, "मले नाई समजत, पोरी." त्यानंतर त्यांनी कुणालाच देवाचा हेतू सांगितला नाही. मयताच्या घरी जायचे, भुईवर बसायचे, पाणी भरून द्यायचे. उपदेशक बिघडला, अशी लोकांत कुरकुर झाली. मी नर्सिंग शिकायला निघून आले, पण दर सुट्टीत माझा तोच प्रश्न आणि त्यांचं तेच उत्तर. एकदा चिडून म्हटलं, "समजत नाई, तर गुडघे कशाले टेकता?"

"विचारूनच राह्यलो न मी. दुसरं कोण हाये विचाराले?"

अजूनही दवाखान्यात एखादीच्या लुगड्याला मोहाचा वास आला की मी दाराकडे बघते, माय तर नाही आली...

बाबांची माती झाली, माणसं पांगली, मार्थाबाई राहिली. पडवीत बाबांच्या बाजेच्या पायथ्याशी, ठरलेल्या जागी बसावं तशी बसली. दर रविवारी प्रार्थनेनंतर ती इथेच यायची, हे मला त्या दिवशी कळलं.

"तुया मायले नेलं अन् मले ठेवलं. काऊन ठेवलं, हे मी भाऊले विचारत होती," ती म्हणाली. बाबांना ती भाऊच म्हणायची. "भाऊ म्हणे, मले नाई समजत, पण बस. मंग आमी बसत होतो दोघं."

इतकी वर्षं मला वाटायचं, हिला तरी उत्तर मिळालंय. मी तिच्याशेजारी भुईवर बसले. ती उठेपर्यंत उठले नाही.

आज रविवार. माझी ड्युटी आहे. एव्हाना प्रार्थना सुटली असेल, आणि मार्थाबाई त्या पडवीत एकटीच बसली असेल.